खंडेनवमीचं कपाट

झेंडूला काही खास वास नसतो असं म्हणणारी माणसं मला भेटतात, तेव्हा मी त्यांच्याशी वाद घालत नाही. ती झेंडूच्या ढिगाशेजारी कधी बसलेली नसतात, एवढंच. नवरात्र संपत आलं की चाकणकडून टेम्पो भरभरून येतात आणि पिंपळे गुरवच्या आमच्या चौकात रस्त्याच्या दोन्ही कडांना पिवळे-केशरी ढीग लागतात. त्यांतून एक कडवट, हिरवा, थोडासा औषधी वास उठतो. तो माझ्या गॅलरीपर्यंत येतो आणि मग त्या दिवशी माझ्या हातून काही काम होत नाही.

परवा शेजारचा ओंकार हार घेऊन जिना चढत होता. एक गाडीला, एक लॅपटॉपला, एक त्याच्या वडिलांच्या ड्रिल मशीनला. मी दारातूनच म्हटलं, "काचेवर कुंकू लावू नकोस हं." तो हसला. "काकू, तुम्ही दरवर्षी हेच सांगता. कॅमेऱ्याला नाही लावत मी, चार्जरला लावतो." पोरगं हजरजबाबी आहे. पण एका काचेवरच्या कुंकवापायी माझा वर्ग सुटला आणि मी गावोगावच्या शाळा हिंडायला लागले, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. जिन्यात उभं राहून सांगण्याजोगी ती गोष्टच नाही.

आम्ही मूळचे बार्शीकडचे. बासष्टच्या सुमारास वडील पिंपरीला आले आणि एका कारखान्यात लेथवर लागले. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. कारखाना खंडेनवमीला घरच्या माणसांना आत सोडायचा, वर्षातून तेवढाच एक दिवस. आई ठेवणीतलं लुगडं नेसायची, आम्हा भावंडांच्या डोक्याला चप्प तेल लागायचं. एरवी ज्या गेटपाशी उभं राहिलं तरी वॉचमन हटकायचा, तोच त्या दिवशी "या, या" करायचा. आत शेडमध्ये रांगेनं मशिनं उभी असायची. प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूचा हार, हळदकुंकवाची बोटं, पायाशी नारळ. दादा एका हिरव्या मशीनपाशी थांबून म्हणायचे, "हे आपलं."

"चालू करा ना," मी म्हणायचे.

"आज न्हाई. आज त्याला सुट्टी हाय."

"मग उद्या?"

"उद्या तुला आत कोण सोडंल?"

पेढा खाऊन आम्ही घरी यायचो. असं किती वर्षं चाललं. या पट्ट्यात वाढलेल्या आम्हा कामगारांच्या पोरांनी वडिलांचं काम कधी पाहिलंच नाही. पाहिलं ते हार घातलेलं, गप्प उभं राहिलेलं मशीन. दादा घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला तेलाचा वास असायचा, नखांत काळं असायचं, आणि एवढ्यावरून मी त्यांचं दिवसभराचं काम मनातल्या मनात रचायचे. ते खरं कसं होतं, ते बघायची मला लहानपणी फार हौस होती.

आमचं घर बौद्ध दीक्षा घेतलेलं. घरात पूजाअर्चा नव्हती. दादांच्या खात्यात हे सगळ्यांना माहीत होतं, तरी पहिल्या वर्षी जरा अवघडल्यासारखं झालं म्हणे. हारांची टोपली मशीनमागून मशीन करत दादांपाशी आली आणि तिथं थांबली. पुढे करावी तरी पंचाईत, न करावी तरी पंचाईत. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी दादाच म्हणाले, "असं करू राव. हार तुमचा, पुसणं माझं." तेव्हापासून तो रिवाज पडून गेला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दादा अख्ख्या रांगेतली मशिनं पुसून लख्ख करायचे. दुसऱ्या दिवशी इतर जण हार घालायचे. आणि दसरा उलटून काम सुरू व्हायच्या आधी, सुकलेली फुलं काढून, हळदकुंकू पुसून, तेलपाणी करायचं कामही दादांचंच. दादा हे सांगायचे तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार नसायची. उलट एक प्रकारची ऐट असायची, की सगळ्या खात्याची मशिनं वर्षातून एकदा माझ्या हाताखालून जातात.

मी शिकले, बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले आणि चिंचवडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची एक खोली. साहित्य म्हणावं तर काहीच नव्हतं, पण माझ्या वर्गातल्या प्रत्येक पोराचा बाप कुठल्या ना कुठल्या कंपनीत होता, हे माझ्या लवकरच लक्षात आलं. मग कुणी जुनं बेअरिंग आणलं, कुणी स्प्रिंग, कुणी तांब्याची तार. चिखलीच्या एका वर्कशॉपवाल्यानं पत्र्याचे तुकडे नीट घासून, कडा मोडून पाठवले. "विचारून आणलंय बाई, उचलून न्हाई," हे वाक्य प्रत्येक वस्तूबरोबर यायचं. बेअरिंगच्या गोळ्या उतारावरून सोडायच्या, स्प्रिंगला दगड टांगायचे, गेलेल्या बल्बचं बूड काढून त्यात पाणी उकळायचं. त्या खोलीत मी फार सुखात होते. तसं सुख पुन्हा मिळालं नाही, हे आताच सांगून टाकलेलं बरं.

एकदा मी खिडकीला काळा कागद लावून त्याला बारीक भोक पाडलं होतं. खोलीत अंधार झाला की समोरच्या भिंतीवर बाहेरचा रस्ता उलटा दिसायचा. सायकली आभाळाला टेकून चालल्यात, माणसं पाय वर करून चाललीत. पोरं श्वास रोखून बघत होती, तेवढ्यात दार उघडून कुणीतरी आत आलं आणि नेमकं भिंतीसमोर उभं राहिलं. मागून एक मुलगी ओरडली, "ओ काका, सरका ना, यष्टी अडली!" काका सरकले. ते आमचे शिक्षणाधिकारी होते, शाळा तपासायला आलेले. मुख्याध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं, पण साहेब मात्र तास संपेपर्यंत त्या अंधारात उभे होते.

आठवड्याभरात त्यांनी बोलावणं पाठवलं. तेव्हा दहावीचा नवा अभ्यासक्रम नुकता आला होता. त्याआधी ज्यांना विज्ञान नको असेल त्यांना ते सोडता यायचं, आणि खेड्यातल्या मुली तर हमखास सोडायच्या. आता ते सगळ्यांनाच सक्तीचं झालं होतं. साहेब म्हणाले, "पुस्तकं पोचली, साहित्य पोचलं. पण ते उघडून दाखवणारं माणूस नाही. चिखलीपासून चाकणपर्यंतच्या शाळा तुम्ही बघा. विज्ञान पर्यवेक्षिका म्हणून."

"आणि माझा वर्ग?"

"वर्ग काय, दुसरं कुणीतरी घेईल."

ते "दुसरं कुणीतरी" मला असं झोंबलं की मी तिथल्या तिथं नाही म्हणणार होते. साहेबांच्या ते ध्यानात आलं असावं. म्हणाले, "दसऱ्यापर्यंत फिरून तर बघा. मग काय ते सांगा."

घरी सांगितलं. दादांना आनंद झाला. "मोठी जागा हाय, कमल." आई म्हणाली, "एकटी हिंडणार का गावोगाव?" माझ्या मनानं नाहीच घेतलं होतं. फक्त फिरून आले म्हणजे साहेबांना तोंड दाखवायला जागा राहील, एवढाच हिशेब.

आणि मी फिरायला लागले. भाद्रपद निम्मा सरला होता, बाजऱ्या कापणीला आल्या होत्या, एसटीच्या खिडकीतून धूळ आणि कोवळं ऊन बरोबरच आत यायचं. शाळेत गेलं की खुर्ची पुसली जायची, चहा यायचा, आणि मग मला कपाट दाखवलं जायचं. कपाट दाखवायचे म्हणजे कपाटाची बाहेरची बाजू दाखवायचे. "सगळं व्यवस्थित आहे बाई, एक नळी फुटलेली नाही." ते खरंच असायचं. फुटायला ती कुणाच्या हातात तर गेली पाहिजे! मी गोड बोलून पाहिलं, परिपत्रकाचा धाक घालून पाहिला, स्वतः तास घेऊन दाखवला. मी असेपर्यंत दार उघडं असायचं. मी वळले की मागे कुलपाचा आवाज यायचा. एसटीत बसल्यावर मला माझ्या जिन्याखालच्या खोलीची अशी काही आठवण यायची की डोळे भरायचे. शेवटी मी माझ्याशीच एक ठरवलं. दसऱ्यापर्यंत यातलं एक तरी कपाट पोरांसाठी खरोखर उघडलं, तर ही नोकरी घ्यायची. नाही उघडलं, तर मुकाट्यानं आपल्या वर्गात परत जायचं. खरं सांगायचं तर ते उघडू नये असंच मला आतून वाटत होतं.

खंडेनवमी आली तेव्हा एकच गाव राहिलं होतं, महाळुंग्याच्या पुढचं. आता तिकडे गेलं की एका कंपनीची भिंत संपते आणि दुसरीची सुरू होते. तेव्हा तिथं कांद्याची वावरं होती आणि बांधाबांधाला झेंडूचे पट्टे. प्राथमिकची वाढत वाढत हायस्कूल झालेली शाळा, आणि तिचे येळवंडे गुरुजी. धोतर, काळी टोपी, बोलणं मऊ. सगळा गाव त्यांच्या हाताखालून शिकलेला, म्हणून हेडमास्तर झाले तरी गुरुजीच राहिलेले.

त्या शाळेचं कपाट वर्षातून एकदा उघडायचं, याच दिवशी. व्हरांड्यात टेबलावर धुतलेली चादर घातली होती. पोरांनी घरून विळे, खुरपी, कुदळी आणून खाली मांडल्या होत्या, आणि वर मधोमध सूक्ष्मदर्शक. त्याला हार, दोन्ही बाजूंना तराजू, चंचुपात्रं, लोहचुंबक. उदबत्तीचा धूर, झेंडूचा वास, आणि मुलं इतकी शांत, की मला क्षणभर कपाटाच्या कुलपावर रागावताच येईना.

गुरुजी पूजेचं ताट घेऊन वळले आणि माझ्यासमोर येऊन थांबले. पाहुणी म्हणून मान माझा होता. पण वाघमारे बाई म्हणजे मी कुठल्या घरची, हे त्यांना माहीत होतं आणि शाळा कमिटीच्या बाकावर बसलेल्या मंडळींनाही. ताट धड पुढे येईना की मागे जाईना. ती टोपली माझ्या वडिलांसमोर कशी थांबली असेल, ते मला त्या दिवशी कळलं. दादांचेच शब्द माझ्या तोंडून निघाले. "गुरुजी, पूजा तुम्ही करा. पुसणं माझ्याकडे द्या."

गुरुजींनी सुटकेचा श्वास टाकला. ताट घेऊन वळले आणि पूजेला लागले. पण वळता वळता म्हणाले, "पुसायचं काय, बाई?"

पूजा झाली. अनामिकेनं ओलं कुंकू घेऊन गुरुजींनी सूक्ष्मदर्शकाच्या वरच्या काचेवर, डोळा लावतात तिथं, अगदी मायेनं एक बोट टेकवलं. मग मुलांची रांग लागली. एकेकानं यायचं, हात मागे बांधायचे, वाकायचं, एक डोळा मिटून बघायचं आणि पुढे सरकायचं. देवळातल्यासारखं. मंदा नावाची नववीतली एक मुलगी माझ्याजवळच उभी होती. मी विचारलं, "काय दिसलं गं?"

"रगत, बाई."

"रक्त?"

"व्हय. लाल लाल. दरसाली दिसतंय."

"रक्ताची काच आहे ती," गुरुजी अभिमानानं म्हणाले. "पेटीतच आली होती. मुलांना पेशी कळाव्यात म्हणून तीच ठेवतो."

मी वाकून पाहिलं. खरंच लाल होतं. गढूळ, लालसर, दुसरं काही नाही. डोळा काढून मी काचेकडे बघितलं. आजच्या ओल्या बोटाखाली मागच्या वर्षीचं सुकलेलं बोट होतं, त्याखाली त्याच्या मागच्या वर्षीचं. ही काय गंमत आहे, ते मला कळलं आणि हसूही आलं, पण मुलांसमोर मी काही बोलले नाही. त्या माणसानं इतक्या मायेनं केलेली चूक चारचौघांत उघडी पाडायला माझी जीभ वळेना.

मुलं गेली, कमिटीची मंडळी पानसुपारी घेऊन उठली. मग मी हळूच म्हटलं, "गुरुजी, हे कुंकू पुसतं कोण?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच चपापले. "कुंकू पुसायचं? बाई, पूजेचं कुंकू कुणी पुसतं का? तेही भरल्या दिवशी?"

त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे कुंकू पुसणं म्हणजे काय, ते बोलायचीसुद्धा सोय नसते. घरातलं खेळकर पोर आईच्या कपाळाला हात लावायला गेलं तरी त्याचा हात धरतात. विज्ञानाच्या पुस्तकात काच स्वच्छ पुसून घ्यावी असं लिहिलेलं असतं. तिच्यावर कुंकू असेल तर काय करावं, ते लिहिलेलं नसतं.

गुरुजी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. हे यंत्र शाळेला मिळालं तेव्हा पुण्याहून एसटीत मांडीवर घेऊन ते आले होते. गचका बसू नये म्हणून वाटेत एकदाही खाली ठेवलं नव्हतं. "लेकरासारखं आणलं, बाई. आमच्या पोरांचे हात कुदळीचे. एकदा फुटलं की संपलं. परत कोण देणार आम्हाला? म्हणून म्हणतो, बघू दे, पण हात नको." त्यांचे डोळे भरून आले होते. इतके दिवस मी या कपाटवाल्यांना कामचुकार समजत आले होते. ते पाहून माझा राग गेला आणि त्याच्या जागी काय आलं, ते नीट सांगता येत नाही. धास्ती म्हणा. हा माणूस कधीच ऐकणार नाही आणि त्याच्या न ऐकण्याला मला दोषही देता येणार नाही, ही धास्ती.

मी त्यांना दादांची गोष्ट सांगितली. हार तुमचा, पुसणं माझं. दसरा झाला की दादा मशिनांवरचं कुंकू पुसतात आणि मग ती पुन्हा चालू होतात, आणि आजवर त्यात कुणाला अशुभ वाटलेलं नाही, हेही सांगितलं. "गुरुजी, आज हत्याराला हात लावायचा नाही, कबूल. पण दसऱ्याला ते उचलायचं असतं ना? तुमच्या पोरांच्या कुदळी उद्या वावरात जातील. मग याच्यावरच वर्षभर सुट्टी का?"

गुरुजींनी पायरीवर पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या गोळा केल्या. मग म्हणाले, "उद्या सकाळी पाटीपूजनाला मुलं येतात. पण उद्या तुमचाही सण ना, बाई?"

ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं, याचं मला फार बरं वाटलं. म्हटलं, "सकाळची वंदना झाली की येते."

दसऱ्याला आम्ही घरातले सगळे पांढरे कपडे घालून विहारात जायचो. त्या सकाळीही गेलो. परतताना मी दादांना म्हटलं, मला महाळुंग्याकडे जायचंय. "दसऱ्याचं?" आई म्हणाली. दादा म्हणाले, "चल, मी पण येतो." तसेच पांढऱ्या सदऱ्यात ते माझ्याबरोबर एसटीत चढले.

आम्ही पोचलो तेव्हा टेबल आत ठेवलेलं नव्हतं, एवढं मी दुरूनच पाहिलं. सूक्ष्मदर्शकही अजून त्यावरच होता. मुलं पाट्या घेऊन जमली होती. मी पिशवीतून मऊ फडकं आणि स्पिरिटची बाटली काढली. गुरुजी पुढे झाले. "द्या इकडे. माझं आहे ते, मीच काढतो." फडक्याचं टोक ओलं करून त्यांनी हळूहळू काच पुसली. थर निघता निघेना. फडकं लाल झालं, तशी त्यांनी घडी बदलली. एकदा थांबून डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा पुसायला लागले. दादा बाजूला उभे राहून ते हात बघत होते.

मी मंदाला म्हटलं, "जा, एक कांदा घेऊन ये." ती पळत गेली आणि शेजारच्या वावरातून मातीसकट कांदा उपटून घेऊन आली. आम्ही तो चिरला, आतल्या पाकळीवरचा पापुद्रा सोलून काचेवर पसरला, वर पाण्याचा थेंब. पहिला डोळा गुरुजींनी लावला.

ते वाकलेलेच राहिले. मला वाटलं, दिसत नाहीये. मग बघितलं तर त्यांची मान हलत होती, हो-हो म्हटल्यासारखी. ते वर झाले तेव्हा त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. उपरण्यानं डोळा टिपला आणि म्हणाले, "मंदा, ये."

मंदा आली, हात मागे बांधून वाकली.

"हात मागे नको," गुरुजी म्हणाले. "धर त्याला. ती चकती आहे ना, ती फिरव. घाबरू नको."

तिनं चकती फिरवली. आणि मग ओरडली, "आगं बया! ह्ये आमच्या कांद्यात हाय? व्हय बाई? भित बांधल्यावानी हाय की समदं!" मागची रांग मोडली, पोरं टेबलाला झोंबली, आणि गुरुजींनी एकालाही हटकलं नाही. मात्र एक हात टेबलाच्या कडेला धरून ठेवला होता, कुणाचा धक्का लागलाच तर असू दे म्हणून. एका धिटुकल्यानं विचारलं, "गुरुजी, मग रगत कुठं गेलं?" गुरुजी म्हणाले, "ते कुंकू होतं, बाळांनो. माझ्या बोटाचं." इतक्या साधेपणानं ते बोलले की पोरांनाही हसायचं सुचलं नाही. मग कपाटाची किल्ली त्यांनी कनवटीतून सोडली आणि फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण कपाट उघडलं होतं. मी हरले होते. माझा वर्ग गेला होता.

सगळ्यांचं झाल्यावर दादांनी विचारलं, "मी बघू का?" आणि पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या मागे सारून वाकले. कारखान्यातल्या माणसाची सवय, चकती त्यांनी अगदी बारीक, केसाएवढी फिरवली. बराच वेळ बघितलं.

बोलले ते परतीच्या एसटीत, चाकण मागे पडल्यावर. "तुझं मशीन चालू बघितलं मी आज."

"आणि तुमचं?" मी म्हटलं. "माझं राहिलंच की बघायचं."

ते हसले. "तुला आत कोण सोडंल?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना हो म्हणून सांगितलं.

वर्ग सोडताना मी रडले, त्याची कुणाला लाज वाटायचं कारण नाही. पुढे जिन्याखालच्या खोलीत दुसरं कुणीतरी शिकवत होतं, आणि चांगलं शिकवत होतं. ते ऐकून बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. माणूस वरच्या जागी जातो तेव्हा लोक हार घालतात. पण ज्या कामासाठी तो मुळात निवडला गेला, नेमकं तेच काम त्याच्या हातून काढून घेतलेलं असतं. मग तो नुसता शोभेला उभा राहणार की चालू राहणार, ते त्याचं त्याला बघावं लागतं. मी हिंडत राहिले. शाळेत गेले की हेडमास्तरांच्या खोलीत न बसता आधी वर्गात शिरायचे. एक तास तरी मला शिकवू द्या, मग चहा, असा माझा नियम. काही जणांना तो आचरटपणा वाटायचा. वाटू दे. पुढे दसऱ्याला कपाट उघडायची चाल आसपासच्या शाळांत पडली, तीही कुणाच्या हुकमानं नाही. येळवंडे गुरुजींनीच ती गोष्ट शिक्षकांच्या बैठकीत स्वतःच्या तोंडानं सांगितली होती, "माझं कुंकू" म्हणून, हसत हसत.

ऐंशीच्या पुढेमागे या सगळ्या भागातल्या शाळांच्या विज्ञानाचं काम माझ्याकडे आलं. त्याबरोबर एक पत्र्याची शेडही मिळाली, मुलांनी येऊन हातानं काही करावं म्हणून. कारखान्यांतून मोडीत निघालेल्या वस्तू आम्ही मागून आणायचो. अशाच एका नवरात्रात एक जुना लेथ आला. दादांचं मशीन नव्हे, पण त्याच घडणीचं, तसंच हिरवं. खंडेनवमीला शेडमधल्या माणसांनी त्याला हार घातला, कुंकू लावलं. मी आदल्या दिवशी ते पुसून ठेवलं होतं.

दसऱ्याला दुपारी दादांना घेऊन गेले. ते निवृत्त झाले होते, डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं, विहारातून थेट आलेले, अंगात तोच पांढरा सदरा. त्यांनी हार उतरवून बाजूला ठेवला, कुंकू पुसलं, तेल घातलं, लोखंडाचा एक तुकडा पकडीत धरला. मला म्हणाले, "जरा लांब उभी ऱ्हा." आणि बटण दाबलं.

शेडभर घरघर भरून राहिली. दादांचा एक हात चाकावर, दुसरा पात्याच्या सरकत्या दांड्यावर, मान किंचित कलती. चेहरा मला अनोळखी वाटावा इतका एकाग्र. लहानपणी मी मनातल्या मनात रचलं होतं, त्यातलं काहीही खरं नव्हतं. हे त्याहून कितीतरी शांत होतं. लोखंडाची चकचकीत साल वळत वळत निघाली, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ, आणि त्यांच्या पायाशी पडली. सदऱ्यावर तेलाचे ठिपके उडाले. त्यांना ते दिसलेही नाहीत. मी तोंडाला पदर लावून उभी होते, कारण हुंदका त्या आवाजात ऐकू गेला नसता तरी दादांनी वळून पाहिलं असतं, आणि मला त्यांनी थांबायला नको होतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी मशीन बंद केलं. सवयीनं हात फडक्याकडे गेला. ते मी आधीच उचललं होतं.

"पुसणं माझं," मी म्हटलं.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्टूल ओढून बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि मी कोपरे नीट पुसते आहे की नाही, ते बघत राहिले.